थंडीत काय खाऊ, ताई?

प्रश्न : माझं वय 52. वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. परवा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 10 निघालं. थंडी सुरू झाली की मुंबईचा मुलगा बदाम-अक्रोड पाठवतो, ओट्स खा म्हणतो. ते मला रुचत नाही. मार्गशीर्षात तर घरात मासेही बंद. आपल्या इथलं काय खाल्लं तर अंगाला लागेल?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी रक्ताचं बोलू. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. तुमचं 10 आहे, म्हणजे नुसत्या खाण्यावर ढकलू नका. पाळी सुरू असेल आणि अंगावरून जास्त जात असेल, किंवा पाळी बंद होऊनही रक्त कमी असेल, तर कारण शोधायलाच हवं. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या दिल्या तर नेमाने घ्या.

आता जेवण. बदाम-अक्रोड वाईट नाहीत, आलेत तर मूठभर खा. पण तुमच्या मळ्यात भात कापल्यावर उरल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी होते ना? तिथून सुरुवात करा. कुळथाची पिठी तुम्ही करताच. आठवड्यातून दोनदा कुळीथ भिजवून, मोड आणून उसळही करा. मोड आले की कडधान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. आणि उसळ ताटात वाढल्यावर वरून लिंबू पिळा, नाहीतर शेजारी कच्च्या आवळ्याची कोशिंबीर घ्या. आवळा शिजवू नका, त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंच जातं आणि लोह शोषायला तेच लागतं. लाल माठाच्या भाजीलाही हीच जोड द्या.

एक सवय मात्र मोडायला सांगते. जेवून हात धुतले की लगेच चहा. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं, म्हणजे उसळीचं निम्मं काम वाया. जेवणानंतर तासभर तरी चहा थांबवा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकीला हेच जड जातं!

नाचणीचं सत्त्व करता का? लहान बाळासाठी ठीक आहे. पण फडक्यातून गाळलं की कोंडा जातो आणि नाचणीचा कॅल्शियम बराचसा त्या कोंड्यातच असतो. आपल्या वयाला अख्ख्या पिठाची भाकरी किंवा आंबीलच बरं. संध्याकाळी अळिवाचा छोटा लाडू चालेल. अळीव नारळपाण्यात भिजवायचे, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून शिजवायचं. साखर वाढलेली असेल तर लाडू नको.

मार्गशीर्ष सरला की बांगडा आणि पेडवे सुरू करा. पेडवे लहान असतात, तिरफळं-कोकम घालून मऊ शिजवले की काट्यांसकट खाता येतात, हाडांना तेच हवं. सुका बांगडा आणि सुकट मात्र जपून, त्यात मीठ फार. रक्तदाब असेल तर बेतानेच.

डिंकाचे, भरपूर तुपाचे लाडू घाटावरच्या कडाक्याच्या थंडीत शोभतात. आपल्याकडे पहाटे शाल लागते आणि दहाला घाम येतो. एवढं तूप आपल्याला पचवायचं कुठे?

गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा रक्त तपासा आणि आकडा मला कळवा.