दुबईला निघण्याआधी जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, दोन महिन्यांनी दुबईत नोकरीवर रुजू होण्यापूर्वी जुळे सोलापुरातला ४० लाखांचा फ्लॅट कर्ज काढून घ्यावा का, आणि जमल्यास मोहोळच्या बाजूला गुंठ्यावर विकली जाणारी जमीनही घेऊन ठेवावी का. मी सोलापुरातल्या विजापूर रोडवरून निघून येथे दुबईत आलो त्याला तेरा वर्षे झाली. सोलापुरातले एक घर मी येथूनच घेतले आणि एक विकले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीचा विषय आधी निकालात काढतो. अनिवासी भारतीयाला घर, दुकान किंवा गाळा विकत घेता येतो, पण शेतजमीन घेता येत नाही. आज तुमच्या नावावर असलेली किंवा पुढे वारशाने येणारी शेती मात्र तुमचीच राहते. सातबाऱ्यावर दहा जणांसोबत नाव लावून देतो, असे कोणी म्हणत असेल, तर तेथूनच परत फिरावे. प्लॉटच हवा असेल, तर जमीन अकृषिक (एनए) असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट या दोन कागदांशिवाय बयाणा देऊ नये.

आता फ्लॅट. या रकमेच्या घरावर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२ लाख कर्ज देऊ शकते. उरलेले ८ लाख, सहा टक्क्यांच्या हिशेबाने २ लाख ४० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी मिळून पावणेअकरा लाखांच्या आसपास रोख रक्कम तुमच्या हातात असली पाहिजे. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे २७,८०० रुपये येतो. भाडे बारा हजार मिळाले असे मानले, तरी दरमहा पंधरा-सोळा हजार पदरचे घालावे लागतील.

ही तूट पगारातून सहज भरता येईल असे तुम्हाला वाटेल, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. येथला व्हिसा बहुधा नोकरीला बांधलेला असतो आणि परीक्षाधीन काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो. त्या काळात नोकरी गेली, तर पगार थांबतो, राहण्याची मुदत मोजकी उरते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो. म्हणून निघण्यापूर्वी फ्लॅट बुक करू नका, असेच मी सांगेन. नोकरी कायम होऊ द्या, बारा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला पडू द्या आणि मग अनिवासी म्हणूनच गृहकर्ज मागा. चार कागद जास्त लागतील, पण झोप शांत लागेल.

घर निवडताना भाडेकरूच्या नजरेने पाहा. सोलापुरात भाडेकरू आधी पाणी कितव्या दिवशी येते हे विचारतो, मग हॉलचा आकार. इमारतीला मोठा हौद आणि चालू बोअर आहे का, हे मे महिन्यात जाऊन पाहावे. बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल, तर त्याचा महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक तपासा आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका, कारण बिल्डरला ती घेण्याची कायद्याने मुभाच नाही.

मालक अनिवासी असल्यास भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर कापून भरायचा असतो. बहुतेकांना हे ठाऊक नसते, त्यामुळे भाडेकरारातच तसे लिहून घ्यावे. विक्रीच्या वेळी हाच प्रश्न मोठा होतो. एरवी ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात एक टक्का कापण्याची सवय असलेला ग्राहक, अनिवासीचे घर म्हटल्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर, तोही बहुधा पूर्ण किमतीवर, हे ऐकून मागे सरतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच आणून ठेवला, तर सौदा टिकतो. माझा पहिला ग्राहक याच कारणाने गेला.

दुसरी चूक मुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अॅटर्नीची). मी ते येथे भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून धाकट्या भावाकडे पाठवले आणि त्याने ते जपून कपाटात ठेवले. असा दस्त राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते, आणि सगळे नव्याने करावे लागले. शिवाय मुखत्यारपत्रात त्या एकाच फ्लॅटचा उल्लेख ठेवा, सरसकट अधिकार सख्ख्या भावालाही देऊ नयेत. (त्याने हे वाचले, तरी माझे मत बदलणार नाही.)

निघण्याआधी बँकेत जाऊन सध्याचे बचत खाते एनआरओ (अनिवासीचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घेण्याचा अर्ज द्या आणि पगारासाठी एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचे खाते) उघडण्याची चौकशी करा. एनआरईमधून हप्ते भरल्यास पैसा परदेशातून आल्याची नोंद राहते आणि पुढे घर विकल्यावर रक्कम बाहेर नेताना ती कामी येते. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, मात्र त्यासाठी कर भरल्याचे कागद आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा सोलापुरातला एखादा सीए आत्ताच ठरवून ठेवा.