डीपार्लबाईंची वाट आणि आपला व्हिसा

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीडीएस झालंय, नाशिकला आरोग्य अभियानात कंत्राटी काम करताय. आता अमेरिकेत मास्टर्स करून नॅन्सी-अ‍ॅन डीपार्ल यांच्यासारखं आधी सरकार, मग कंपन्या, मग गुंतवणूक फंड असं करिअर जमेल का? मी बाल्टिमोरला एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे, तिथून जे दिसतं ते सांगतो.

बाईंचा क्रम नीट बघा. टेनेसी राज्यात मानवसेवा खात्याच्या प्रमुख झाल्या तेव्हा जेमतेम तिशी गाठली होती. क्लिंटन यांच्या काळात आधी बजेट कार्यालयात आरोग्याचं काम, मग 1997 ते 2000 मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा) चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख. त्यानंतर खासगी फंड, कंपन्यांची संचालकपदं. 2009 ला ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, 2010 ला आरोग्य कायदा झाला, आणि 2013 मध्ये बाहेर पडून त्यांनी इतरांसोबत कॉन्सोनन्स कॅपिटल पार्टनर्स हा फंड काढला.

फंडवाल्यांना त्यांच्यात काय दिसलं? ओळखीपाळखी होत्याच, नाही कशाला म्हणू. पण डायलिसिस घ्या. मधल्या काळात त्या डाव्हिटा या डायलिसिस कंपनीच्या संचालक मंडळावर होत्या. 1972 च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्या बहुतेक पेशंटचा खर्च, वय काहीही असो, मेडिकेअरकडे आला. एका वेळच्या डायलिसिसचा 2025 चा मूळ दर 273.82 डॉलर. सहसा आठवड्यातून तीनदा, वर्षभर. दर दोन-चार डॉलरने हलला तरी कंपनीचा अख्खा ताळेबंद हलतो. पुढच्या वर्षाच्या दराचा सरकारी मसुदा इथल्या उन्हाळ्यात निघतो, हरकती मागवतात, साधारण नोव्हेंबरच्या आसपास पक्का होतो आणि जानेवारीपासून लागू. असा मसुदा आला की आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नसतो. शेकडो पानं, आणि नेमकी मेख एखाद्या तक्त्याखालच्या बारीक ओळीत. ही मेख कशी मारली जाते हे आतून पाहिलेला माणूस फंडाला हवा असतो.

आता तुमची अडचण. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना इथलं नागरिकत्व लागतं. भारतात जन्मलेल्यांची नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांच्या पुढे, आणि कार्ड मिळाल्यावरही नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. म्हणजे बाईंची पहिली पायरी तुमच्या वाट्याला पन्नाशीच्या आसपास येणार.

म्हणून माझं स्पष्ट मत: सरकारी टप्पा तिकडेच उरकून या. अभियानातून महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कामात शिरता आलं तर बघा. पॅकेजचा दर कसा ठरतो, क्लेम कुठे अडकतो, हॉस्पिटल कुठे हात मारतं, हे दोन-तीन वर्षं पाहिलेला उमेदवार इथे मुलाखतीत उठून दिसतो. शिबिरांचे फोटो दाखवून काही होत नाही.

कोर्स निवडताना कॉलेजच्या नावाआधी आय-20 वरचा (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, विचारा. एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स हे स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या सरकारी यादीत) येतात, म्हणजे शिक्षणानंतर एकूण तीन वर्षं काम करता येतं. हॉस्पिटल मॅनेजमेंटला सहसा एकच. पुढे विद्यापीठाशी जोडलेलं हॉस्पिटल धरा, त्यांना एच-1बीच्या (नोकरीचा व्हिसा) वर्षाला 85,000 च्या मर्यादेत लॉटरी खेळावी लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-1बी अर्जांवर लाख डॉलरची फी जाहीर झाली, त्यामुळे शिकून परत जाऊन पुन्हा येण्याचा बेत आखू नका. फंडाचं नाव पहिली दहा वर्षं काढूच नका. व्हिसाची कटकट घेऊन नवशिक्याला घेण्याची हौस त्यांना नसते.

मिसेस फिजिओ आहेत म्हणालात. तुमच्या विद्यार्थी व्हिसावर त्यांना काम करता येणार नाही, आणि पुढे एच-4 वरही (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) तुमची ग्रीन कार्डाची आय-140, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत सहसा नाही. शिवाय इथे फिजिओला राज्याचं लायसन्स लागतं. त्यासाठी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या शिक्का मारलेल्या प्रती आत्ताच काढून ठेवायला सांगा. आरोग्य विद्यापीठ तुमच्या नाशकातच आहे, इकडून ते काम करवून घेताना दम निघतो.