लर्निंग लायसन्स निघेपर्यंत चावी खिळ्यालाच राहू दे

अरे भाऊ, लायसन्स नसताना नागपुरात गाडी काढतो म्हणतोस? "सीताबर्डीपर्यंत तर जायचं आहे, कोण पकडते?" हे मीही म्हटलं होतं. व्हेरायटी चौकात शिट्टी वाजली अन् गाडी तिथेच बंद पडली. किक मारायलाही पाय उचलेना. पावती फाटली ती वेगळी, सोडवायला आलेल्या बाबांचं तोंड अजून आठवते.

आता विनालायसन्स सापडलास तर ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी काकांच्या नावावर आहे म्हणतोस, तर चावी दिली म्हणून त्यांनाही तेच. अठराच्या आतला असशील तर विषयच निराळा: पालकाला किंवा मालकाला २५,००० अन् तीन वर्षांपर्यंत कैद, तुला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पण खरी मेख विम्यात आहे बाप्पा. कुणाला धडक बसली तर कंपनी जखमीला पैसे देईलही, मग तेच काकांकडून वसूल करू शकते. लाखांत जाते ते. दंड त्यापुढे चिल्लर.

लर्निंग सहा महिने चालते, तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर लाल 'एल' लाव, कार असेल तर शेजारी लायसन्सवाला बसव. अन् वर्धा रोडवर इतक्यात जाऊ नको.