वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि माझं टेस्टोस्टेरॉन जास्त आलंय. धोका आहे का?

तुमचं वय ४५, लहानपणापासून कोल्हापुरात तालमीत घाम गाळलेला, आणि आता या रिपोर्टनं झोप उडालीय. आधी त्या आकड्याची भीती सोडा. २००८ मध्ये १८ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि हा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

टेस्टोस्टेरॉन वाढलं की हा कॅन्सर होतो, या गैरसमजाला कारण आहे. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स या सर्जननी दाखवलं, की हे हार्मोन तोडलं की पसरलेला कॅन्सर आक्रसतो. पण आपल्या उसाचं बघा ना. पाणी तोडलं तर वाळतो, पण सरी भरल्यावर आणखी सोडलं म्हणून दुप्पट वाढत नाही. प्रोस्टेटची गरजही थोड्या हार्मोनवर भागते.

लक्ष द्यायचं ते घराण्याकडे. वडील किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. बीआरसीए-२ जनुकात बिघाड असेल तर आणखी जास्त. याच बिघाडानं बायकांना स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि तो बिघाड आईकडूनही येतो! माझ्या चुलत्यांच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" आम्ही फक्त पुरुष आठवत बसलो. आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते कुणी बोललंच नाही. तुम्ही आत्या, मावशी, आजी सगळ्यांचं कागदावर लिहून न्या.

युरॉलॉजिस्टना भेटून पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाच्या तपासणीचं विचारा. केसांसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर नक्की सांगा, त्यानं पीएसए जवळपास निम्मा दिसतो.