वर्गणीचा गेम, हप्त्यांचा पीसी आणि एक लाख दहा हजारांची एफडी

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, इंदूरच्या राजेंद्र नगरात आई-वडिलांसोबत राहणं, नोकरी सुपर कॉरिडॉरवर, हातात पगार ४२,०००. घरखर्चाला १५,०००, गाडीचा हप्ता ४,२००, एसआयपी ५,००० आणि स्वतःचा खर्च ११,००० च्या आसपास. एफडी १,१०,०००. कॉलेजचे चार मित्र आता वडोदरा, पुणे आणि इंदुरात विखुरलेत. त्यांना आठवड्यातून तीन रात्री दोन-दोन तास एकत्र खेळायला तलवारी-जादूच्या दुनियेतला ऑनलाइन गेम हवा आहे. मनात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट किंवा फायनल फँटसी १४ आहे. त्यासाठी सिल्व्हर मॉलमधून ७८,००० चा असेंबल्ड पीसी घ्यायचा, तो एफडी मोडून की बारा महिन्यांच्या नो कॉस्ट हप्त्यांवर?

माझं उत्तर आधीच सांगतो: पीसी आत्ता दोन्हीपैकी कुठल्याच मार्गाने घेऊ नका, आणि गेम असा निवडा की ज्या महिन्यात खेळला नाहीत त्या महिन्याचे पैसे तो मागणार नाही. खेळू नका असं मी अजिबात म्हणत नाही. चार मित्रांनी आठवड्यातून तीनदा भेटायचं ठरवणं ही चांगलीच गोष्ट आहे, तिच्यासाठी बजेटमध्ये जागा करायलाच हवी.

आता हिशेब. सगळे खर्च वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ६,८०० उरतात. पीसीचा हप्ता ६,५००. वर्गणीवाल्या गेमचा महिन्याचा दर १४.९९ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर १,३४९ झाले. परदेशी व्यवहारावर कार्डवाली बँक साधारण ३.५ टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून जातात १,४०५. दाखवलेल्या दरात इथला जीएसटी धरलेला नसेल तर आकडा १,६५० च्या जवळ जातो. हप्ता आणि वर्गणी मिळून किमान ७,९०५, शिल्लक ६,८००. पहिल्याच महिन्यात अकराशे कमी पडतात, ते एसआयपीतून निघतील किंवा क्रेडिट कार्डावर चढतील. कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के असतं.

‘नो कॉस्ट’ या शब्दावर जाऊ नका. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी. १५ टक्के दराने ७८,००० च्या बारा हप्त्यांत व्याजाचा भाग जवळपास ६,००० निघतो, त्यावर जीएसटी १,०७७, वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोख घेतला असता तर सुट्या भागांवर जी घासाघीस करता आली असती, ती गेली.

एफडी मोडण्यात व्याजाचा तोटा फारसा नाही, बँका अर्धा-एक टक्का कापतात. खरा तोटा वेगळा आहे. तुमचा अटळ खर्च महिन्याला ३०,२०० आहे. आजची एफडी साडेतीन महिने घर चालवते. ७८,००० काढले की उरलेले ३२,००० जेमतेम एक महिना पुरतात. नोकरी गेली तर विमा, गाडीचा हप्ता आणि घरखर्च एकाच महिन्यात गळ्याशी येतात.

आता गेमकडे येऊ, कारण पैशाचा निर्णय इथेच सोपा होतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ पासून चालू आहे आणि विसाव्या पातळीपर्यंत फुकट खेळता येतो. पुढे महिन्याची वर्गणी, आणि नव्या विस्ताराचे, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या नव्या भागाचे, पैसे वेगळे. आठवड्याला सहा तास म्हणजे महिन्याला २६ तास खेळलात तर तासाला ५४ रुपये पडतात, हे महाग नाही. पण नोकरीतल्या रिलीजच्या धबडग्यात महिन्याला आठच तास मिळाले तर तोच तास १७५ ला पडतो. वर्षात असे चार महिने गेले तर साडेपाच हजारांची वर्गणी जवळजवळ न खेळता भरली. गेममधलं सोनं देऊन खेळायची मुदत मिळवायची सोय टोकनमुळे आहे, पण आठवड्याला सहा तास देणाऱ्याने त्यातले चार तास सोनं गोळा करण्यात घालवावेत असं मला वाटत नाही.

फायनल फँटसी १४ ची फुकट चाचणी सगळ्यात उदार आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सत्तराव्या पातळीपर्यंत, दोन विस्तारांसह, वेळेची मर्यादा नाही. बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, पण गोष्टीसाठी खेळणाऱ्याला त्याने फारसं अडत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पूर्ण गेम एकदा घेतला की त्या खात्यावर परत चाचणीत येता येत नाही. आणि मूळ गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतला तर पुढचे सगळे विस्तार स्टीमवरच घ्यावे लागतात, दुसरीकडे स्वस्तात घेतलेला कोड चालत नाही. तुमची अडचण वेगळीच आहे: २०२४ च्या ग्राफिक्स सुधारणेनंतर हा गेम किमान जीटीएक्स ९७० च्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड मागतो, आणि तुमच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्डच नाही.

म्हणून माझा कौल गिल्ड वॉर्स २ ला. हा २०१२ चा गेम, मूळ भाग २०१५ पासून फुकट, महिन्याची वर्गणी नाहीच. पातळीची कमाल पहिल्यापासून ८० आहे आणि विस्तार आले तरी ती वाढलेली नाही. चार महिने गैरहजर राहून परत आलात तरी जुनी शस्त्रं-चिलखतं तशीच कामाची, आणि तुमच्यासारख्या वेळापत्रकाला हेच हवं. फुकट खात्यावर पात्रं दोनच आणि खरेदी-विक्रीवर बंधनं, पण तीन महिने सहज निघतात. विस्तार एकदाच विकत घ्यायचे. तीस डॉलरचा धरला तरी २,७०० होतात, म्हणजे दोन महिन्यांच्या वर्गणीएवढे. सेलमध्ये त्याहून कमी.

फोनवरही खेळायचा असेल तर अल्बियन ऑनलाइन आहे, त्याचा आशियाचा सर्व्हर सिंगापूरला असल्याने पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, बरा मिळतो. पण तिथे लाल आणि काळ्या भागांत मेलात की अंगावरचं सामान जातं. हरल्यावर चिडून पैसे टाकायचा मोह तिथे सगळ्यात जास्त, म्हणून मित्रांच्या टोळीसाठी मी तो सुचवत नाही.

पीसीऐवजी आधी लॅपटॉपच उघडून बघा. विंडोजचा टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘१ ऑफ २’ दिसलं तर तुमची ८ जीबी रॅम एकाच पट्टीत आहे. वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप हीच रॅम ग्राफिक्ससाठी वापरतो. दुसऱ्या खाचेत त्याच प्रकारची, त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी बसवली की रॅम दुप्पट होते आणि तिच्याकडे जायचा रस्ताही दुप्पट रुंद होतो, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, दोन-तीन दुकानांत विचारा. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो घेऊनच जा. गेममध्ये ‘कॅरेक्टर मॉडेल लिमिट’ सगळ्यात खाली आणि ‘रेंडर सॅम्पलिंग’ सबसँपलवर ठेवा. मोठ्या राक्षसाभोवती पन्नास माणसं जमली की लॅपटॉप अडखळतो तो मुख्यतः या पहिल्या सेटिंगमुळे. युरोपचा सर्व्हर घेतलात तर घरच्या फायबरवर दीडशे ते दोनशे मिलिसेकंद पिंग धरून चला. वायफाय टाळून लॅनची केबल लावा, नाहीतर उडी मारून वार चुकवण्याची वेळ हुकत राहील.

एक हिशेब सहसा कुणी धरत नाही, तो विजेचा. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत जाते. तुमच्या घरचं बिल १४५ युनिटांच्या आसपास असतं असं तुम्ही लिहिलंय. ३०० वॅट खाणारा पीसी २६ तासांत आठ युनिटं घेईल, म्हणजे १५३. लॅपटॉप दीड-दोन युनिटांत भागवतो. बिल आईच्या हातात पडेल तेव्हा काहीशे रुपयांचा फरक पीसीच्या नावावर लागेल.

पैसे भरायची रीतही आत्ताच ठरवा. महिन्याला ५०० रुपये यूपीआयने स्टीमच्या पाकिटात, कार्ड तिथे साठवायचं नाही. स्टीमवर पहिल्यांदाच खेळणार असाल तर चौघांनीही तिथेच नवीन खातं काढा, कारण गिल्ड वॉर्सचं आधीचं खातं नंतर स्टीमला जोडता येत नाही. खातं काढताना चौघांनी प्रदेश एकच निवडा, अमेरिका आणि युरोपवाल्यांना एकत्र खेळता येत नाही. विकत घेतलेली गोष्ट पटली नाही तर स्टीम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेली असेल तर पैसे परत देते. बाहेरच्या विक्रेत्याकडून सोनं किंवा तयार खातं मुळीच घेऊ नका. खातं ही तुमची मालमत्ता नसते, कंपनी ते बंद करते आणि पैसे बुडतात. कधी वर्गणीवाला गेम घेतलातच तर वर्षाची एकदम भरू नका. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१४ मध्ये सक्तीच्या वर्गणीवर आला आणि मार्च २०१५ मध्ये ती सक्ती गेली.

उरलेल्या ६,८०० चं असं करा. ५०० गेमला. ३,००० पीसीच्या नावाने आवर्ती ठेवीत. २,००० एफडीला जोड, ती सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत, म्हणजे १,८१,००० पर्यंत न्यायची आहे. बाकीचे १,३०० स्वतःच्या आरोग्य विम्याला, कारण कंपनीचं कवच नोकरीबरोबर जातं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पहिल्या महिन्याचे पीसीचे ३,००० रॅमला जाऊ द्या, त्याला माझी हरकत नाही.

तीन महिने खेळलेल्या रात्री वहीत मांडा, तारीख आणि तास एवढंच. छत्तीस-अडतीस रात्रींपैकी पंचवीसच्या वर भरल्या आणि चौघांपैकी तिघे तरी टिकले, तर पुढच्या सेलला चौघांनी एकाच आठवड्यात पहिला विस्तार घ्या. खेळलेल्या रात्री दहापेक्षा कमी भरल्या तर पीसीची आवर्ती ठेव तशीच चालू ठेवा आणि मुदत संपल्यावर त्या पैशांचं काय करायचं ते मला पुन्हा विचारा.