उजनी धरणावर गळ टाकायला पहिल्यांदाच जाताय ना?

पहिल्याच खेपेला चौघांपेक्षा जास्त जण नेऊ नका. बऱ्याच धरणांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे निघण्याआधी स्थानिक मच्छीमारांकडे किंवा ठेकेदाराकडे परवानगीचं विचारून घ्या. काठावर गेल्यावर वाद घालण्यात सकाळ जाते, आणि सकाळच तर महत्त्वाची.

सुरुवात चिलापी (तिलापिया) माशापासून करा. छोटा गळ, त्यावर गांडुळाचा तुकडा, वर तरंगी, बस्स. रोहूसाठी मात्र भिजवलेली शेंगदाणा पेंड आणि कणीक घट्ट मळा. गोळा पाण्यात लगेच विरघळला तर कणीक वाढवा. शिशाचं वजन दोरीवर सरकतं ठेवा. रोहू आमिष ओढून बघतो, वजन जाणवलं की थुंकून टाकतो.

नवख्यांचे मासे बहुतेक गाठीपाशी सुटतात. गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून, दोरी ओवा, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत काढा आणि आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी नायलॉन घासून तापते, तिथेच कमजोर होते. रीळचा ब्रेकही फार कसू नका, मोठा रोहू पळाला की दोरी सुटायला हवी.

दोघांत किमान पंधरा पावलं अंतर ठेवा, नाहीतर दोऱ्यांचा गुंता सोडवण्यातच दिवस जाईल. एकच सामाईक डबा पक्कड, कात्री, जादा गळ, प्रथमोपचार यांचा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठीने चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नका.