तुमचे प्रश्न : साधे माग भंगारात, मग हातांचं काय?

(या अंकात इचलकरंजी आणि परिसरातून आलेली तीन पत्रं.)

प्रश्न : आमच्या गल्लीत साधे माग निघून एअरजेट येत आहेत. मालक म्हणतात उत्पादन वाढलं, दुकानदार म्हणतात गिऱ्हाईक कमी झालं. खरं कोणाचं?

दोघांचंही. साध्या मागात आडवा धागा, म्हणजे बाणा, धोटा नेतो; एअरजेटमध्ये तो हवेचा झोत नेतो. बाण्याची एक फेरी म्हणजे एक पिक. हिशोब मांडून बघू. ५२ पिकाच्या (इंचाला ५२ पिक) कापडाला एका मीटरमध्ये साधारण २,०४७ पिक लागतात. साधा माग मिनिटाला १२० पिक टाकतो. धागा तुटणं, कांडी (धोट्यातली बाण्याच्या सुताची गुंडाळी) बदलणं यात वेळ जातो, म्हणून ७५ टक्के कार्यक्षमता धरा. बारा तासांच्या पाळीत सुमारे ३२ मीटर निघतं. एअरजेट ७०० पिकांनी, ८५ टक्क्यांवर चालला तर २०९ मीटर.

म्हणजे ४८ साध्या मागांचं कापड आठ एअरजेट काढतात. सहा मागांना एक विणकर धरला तर तिथे पाळीला आठ विणकर होते. आठ एअरजेटला एक पुरतो. मालक आठवर थांबत नाही, २४ बसवतो. तेव्हा कापड तिप्पट होतं आणि विणकर तीन राहतात, तेही एवढं कापड खपलं तर.

पण नुसते विणकर मोजून चालत नाही. एअरजेटला बाणा थेट कोनावरून जातो, त्यामुळे कांडी भरण्याचं काम पूर्ण संपतं. धोटा आणि त्याला मारणारे पिकर, मारकाठी हे भाग बनवणाऱ्यांची मागणी त्याच दिवशी आटते. ही माणसं कारखान्याच्या हजेरीवर नसतात, म्हणून नोकऱ्या गेल्याच्या आकड्यात ती दिसतच नाहीत. सायझिंग (ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांना खळ देणं) आणि वहिफणी (ते धागे मागाच्या वही-फणीत ओवणं) टिकतात, फक्त काम जास्त काटेकोर होतं. नवी कामं येतात ती कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक्स आणि कापड तपासणीची. थोडी, आणि वेगळ्या शिक्षणाची.

दुकानदाराचं गणित याहून सोपं आहे. विणकराचा पगार खानावळ, खोलीभाडं, किराणा यात गावातच फिरतो. मशिनचा बँकेचा हप्ता गावाबाहेर जातो. पहिला फटका खानावळीला आणि एका खोलीत चार-पाच जण राहतात त्या चाळींना बसतो, कारण परप्रांतीय कामगार काम सुटलं की गावी परततो. सराफ कट्ट्याला तो उशिरा कळतो.

मालकांसाठी एक सूचना. एअरजेट बंद राहण्याचं खापर कामगारावर फोडण्याआधी सूत आणि हवा तपासा. गाठीचं किंवा केसाळ सूत, ओली वा तेलकट हवा, गळणारे पाइप यांनी कार्यक्षमता ७० च्या खाली आली की वीजबिल नफा खातं. गळून जाणाऱ्या हवेलाही कॉम्प्रेसर तितकीच वीज घेतो.

प्रश्न : १४ वर्षं एकाच ठिकाणी विणकर आहे. मालकाने माग विकले आणि 'हिशोब घे' म्हणतो. काय काय मागायचं?

रक्कम सांगण्याआधी कसल्याही कोऱ्या कागदावर किंवा 'पूर्ण हिशोब मिळाला' या पावतीवर सही करू नका.

पहिलं ग्रॅच्युइटी. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, पाच वर्षं सलग नोकरीनंतर. पिकावर मजुरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी घेतात, ओव्हरटाइम वगळून. समजा सरासरी १५,६०० रुपये. भागिले २६, म्हणजे दिवसाला ६००. गुणिले १५, ९,०००. गुणिले १४ वर्षं : १,२६,०००. भागाकार ३० ने करून कमी रक्कम दाखवतात, तिथे अडा.

दुसरं, कामावरून कमी केल्याची भरपाई : प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. ही ग्रॅच्युइटीशिवाय वेगळी आहे. 'एकातच दोन्ही आलं' हे चालत नाही. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कमी केलेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराएवढा पुनर्कौशल्य निधी मालकाने द्यायचा आहे.

अडतं कुठे? पुराव्यावर. एकाच शेडमधले माग बायको, भाऊ, मुलगा अशा नावांवर वाटलेले असतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी कामगार दहाच्या आत. म्हणून पगारचिठ्ठ्या, पीएफचं पासबुक, ईएसआय क्रमांक, सहकाऱ्यांची नावं आताच गोळा करा. एकच दिवाणजी, एकच वीजमीटर, एकच जॉबर (माग लावणारा, दुरुस्त करणारा) असेल तर ते लेखी तक्रारीत नमूद करून सहायक कामगार आयुक्तांकडे द्या आणि पोच घ्या.

पीएफ काढण्याची घाई नको. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते; त्याआधीच पेन्शन खात्यातली रक्कम काढली की तेवढी वर्षं मोजणीतून जातात. नव्या मालकाकडे तोच यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) द्या.

प्रश्न : ४५ वर्षांचा जॉबर आहे. एअरजेटवर जमेल का?

अर्धं काम तुम्हाला येतंच. ताण्याचा ताण, पेळ (बाणा जाण्यासाठी ताण्याच्या धाग्यांत पडणारी फट) कधी उघडते, कापडातला दोष बघून कारण ओळखणं हे सगळं तिथेही लागतं. धोट्याचा मार आणि धोट्याची पेटी बसवण्याचं कौशल्य मात्र निरुपयोगी ठरतं. शिकायचं ते पॅनेलवरचं टायमिंग, नोझलचा दाब आणि बाणा पोचला की नाही हे बघणारा सेन्सर. इचलकरंजीतल्या पॉवरलूम सर्व्हिस सेंटरमध्ये प्रशिक्षणाची चौकशी करा. जुने माग निघण्याच्या आधी जा, कारण नवं मशिन बसवायला कंपनीचा फिटर येतो त्या दिवसांत जो त्याच्या शेजारी उभा असतो, त्यालाच पुढे ठेवून घेतात.